कापश्याची शिंक

मागल्या वर्षी भादव्यात सुरतेत प्लेग आला आणि अर्धं शहर मिळेल त्या गाडीने पळालं. यंदाचा भादवा उजाडला तेव्हा रस्ते झाडून-पुसून लख्ख झाले होते, पण माणसांच्या मनातली धाकधूक काही गेली नव्हती. शिंक तर शहरातून जवळजवळ हद्दपारच झाली होती. रस्त्यात कुणाच्या नाकात हुळहुळलं, की तो माणूस नाक चिमटीत धरून, डोळे वटारून, देवाचं नाव घेत उभा राही. तरीही शिंक निसटलीच, तर "तपकीर, तपकीर!" असं आजूबाजूच्यांना सांगून मोकळा होई. यातल्या निम्म्या लोकांनी आयुष्यात तपकिरीची डबी हातात धरलेली नव्हती.

अशा दिवसांत नवागामच्या साईसदन सोसायटीत स्वच्छता समितीची सभा भरली होती, आणि भर सभेत समितीच्या अध्यक्षांचा कुत्रा शिंकला.

अध्यक्ष म्हणजे हेमराज. कडोदऱ्याला साड्या रंगवण्या-छापण्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये तो हेडक्लार्क होता. गाव शिरपूरकडचं. प्लेगच्या वेळी बायको रंजना, मुलगी हर्षदा, आई सरलाबाई आणि कुत्रा यांना घेऊन तो गावी पळाला होता. परतल्यावर मात्र आपण पळालो होतो ही गोष्ट त्याला इतकी लागली, की सोसायटीत स्वच्छता समिती काढून तो स्वतः तिचा अध्यक्ष झाला. सोसायटीत पळाले सगळेच होते, त्यामुळे विरोध कुणी केला नाही.

कुत्रा पामेरियन, पांढराशुभ्र. हेमराजच्या शेठकडे पिल्लं झाली तेव्हा एक त्याच्या पदरात पडलं होतं. हेमराजने त्याचं नाव 'प्रिन्स' ठेवलं होतं, पण सरलाबाईंनी पिल्लू हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, "भाऊ, हाई कुत्रं नई, कापूसनं बोंड शे." त्या दिवसापासून तो कापश्या झाला. 'प्रिन्स' म्हटलं तर तो मागे वळून दुसरं कुणी आलंय का ते बघे.

तर सभा हेमराजच्याच ओट्यावर होती. हेमराज उभा राहून नवा नियम वाचून दाखवत होता: "सोसायटीत खोकणारी, शिंकणारी अथवा संशयास्पद वाटणारी कोणतीही बाब तत्काळ समितीच्या नजरेस आणावी." यातला 'बाब' हा शब्द त्याला विशेष आवडला होता. ऑफिसात असे शब्द वापरायची संधी मिळत नाही. तिथे सगळं गुजरातीत चालतं. तो शब्द सभेत नीट मुरावा म्हणून तो क्षणभर थांबला, आणि नेमक्या त्या शांततेत खुर्चीखालून कापश्याची शिंक आली. मग दुसरी. मग शिंकांची अशी माळच लागली, की प्रत्येक शिंकेला त्या इवल्या जिवाचे चारही पाय जमिनीवरून उचलले जात होते.

सभेतल्या खुर्च्या आपोआप मागे सरकल्या. शेजारच्या घरातले ठाकोरभाई जरीचा व्यापार करणारे, मूळ सुरतेचे, स्वभावाने फार सभ्य. त्यांनी धोतराचा सोगा नाकाला लावून, शक्य तितक्या नम्रपणे समितीच्या नजरेस आणलं, "हेमराजभाई, आ बाब छींके छे."

दोन दिवसांत कापश्या शिंकण्यावर थांबला नाही. तो पंजे चाटायला लागला, मग चावायला लागला. पोट खाजवू लागला, कान झाडू लागला. घरभर पांढरे पुंजके उडायला लागले. वरणात पुंजके, दुधावर पुंजके, ऑफिसला जाताना हेमराजच्या काळ्या पँटवर पुंजके. ऑफिसात कुणीतरी विचारलं, "काय साहेब, पिंजाऱ्याचा जोडधंदा सुरू केला का?" हेमराजने त्या माणसाच्या रजेचा अर्ज तीन वेळा परत पाठवला.

सोसायटीत सल्ल्याची ददात नव्हती. पहिला सल्ला निंबाभाऊंचा. हे धुळ्याकडचे, लूमच्या कारखान्यात मुकादम, आणि माणसापासून मोटारसायकलपर्यंत कशाचंही दुखणं कडुनिंबाने बरं होतं या मताचे. "अप्पा, निंबाचा पाला उकळा, त्यात मूठभर हळद टाका, आन् चोळा. खाज जागच्या जागी मरते," ते म्हणाले. हेमराजने रविवारी सकाळी तो काढा करून कापश्याला चोळला. हर्षदाने पाय धरले, रंजनाने डोकं धरलं, आणि कापश्याने आपलं मत सगळ्या अंगणाला ऐकवलं. खाज मेली की नाही कळायला मार्ग नव्हता, पण कापश्या पिवळाधम्मक झाला तो झालाच. हळद साबणाने गेली नाही, शांपूने गेली नाही. संध्याकाळी फिरायला नेलं तेव्हा गल्लीतल्या बायका दारात येऊन विचारू लागल्या, "हळद कधी लागली? मुलगी कुठली?" हेमराज मान खाली घालून चालत राहिला. नवरदेव मधूनमधून शिंकत होता.

"याले कोनी तरी नजर लागनी, दुसरं काय!" सरलाबाईंचं निदान ठरलेलं होतं. त्यांनी मीठ-मोहरी आणि गावाकडच्या लाल मिरच्या कापश्यावरून उतरवल्या आणि शेगडीत टाकल्या. आता दृष्ट नसेल तर मिरचीचा ठसका लागतो आणि दृष्ट असेल तर लागत नाही, असं शास्त्र सांगतं. त्या दिवशी ठसका असा लागला की ज्याचं नाव ते. वारा होता गल्लीच्या दिशेने. आधी रंजना खोकली, मग समोरची दोन घरं खोकली, मग भाजीवाला खोकत खोकत गाडी सोडून पळाला, आणि पाच मिनिटांत साईसदन सोसायटी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खोकू लागली. प्लेगच्या पुढच्याच वर्षी, सुरतेत, एक अख्खी गल्ली एकदम खोकतेय हे दृश्य काय असेल याची कल्पना करावी. रस्त्यावरून जाणाऱ्या एका रिक्षाने जागेवरच तोंड फिरवलं.

हेमराज आईला म्हणाला, "माय, बस झालं. मी डॉक्टरकडे नेतो."

सरकारी जनावरांचा दवाखाना गाठला, तर डॉक्टर चलथाणकडच्या गोठ्यांवर गेलेले. ते बहुतेक वेळा तिकडेच असत असं कळलं. कंपाउंडरने केसपेपर काढला. त्यावर गाय, म्हैस, बैल, शेळी, कोंबडी असे छापील रकाने होते. कंपाउंडर बराच वेळ पेन हातात धरून पिवळ्या कापश्याकडे बघत राहिला आणि शेवटी त्याने 'इतर'वर खूण केली. कापश्याचा समावेश 'इतर'मध्ये झालेला हेमराजच्या मनाला लागला. शेठच्या घरचं रक्त होतं ते.

"दूध देणं कमी झालंय का?" कंपाउंडरने सवयीने विचारलं.

"तो नर आहे," हेमराज म्हणाला.

"बरं. मग ही बाटली. म्हशीला पूर्ण पाजतात." त्याने कापश्याला पुन्हा एकदा न्याहाळलं. "एका म्हशीत असे किती बसतील, तुमच्या अंदाजाने?"

हेमराज हेडक्लार्क होता, हिशोबाला पक्का. त्याने मनातल्या मनात म्हैस उभी केली आणि तिच्यात कापशे भरायला सुरुवातही केली. पण अर्ध्या म्हशीपर्यंत आल्यावर त्याला भान आलं आणि कापश्याला छातीशी धरून तो तिथून बाहेर पडला.

शेवटी उधन्याला डॉक्टर चैताली भेटली. रेल्वेत नोकरी करणाऱ्या वडिलांची ही मुलगी शिकून जनावरांची डॉक्टर झाली होती आणि नुकताच तिने दवाखाना थाटला होता. तिने कापश्याचे पंजे पाहिले, कान पाहिले, पोटावरचे केस बाजूला करून लाल पुरळ पाहिलं. हळदीबद्दल तिने काही विचारलं नाही, त्यामुळे हेमराजचा तिच्यावर विश्वास बसला.

"मागच्या वर्षी या दिवसांत असंच झालं होतं का?"

"मागच्या वर्षी या दिवसांत आम्ही शिरपूरला होतो. म्हणजे, कामानिमित्त."

"सगळी सुरतच कामानिमित्त गेली होती," डॉक्टर हसून म्हणाली. "आणि यंदा पाऊस ओसरल्यावर सुरू झालं. काका, याला ॲलर्जी आहे. कुठल्यातरी गवताची, फुलोऱ्याची. ठरावीक दिवसांत येते, फुलोरा संपला की जाते."

"कुत्र्याला ॲलर्जी?" हेमराजला हे पटेना. ॲलर्जी ही बंगल्यातल्या माणसांची गोष्ट आहे असं त्याचं मत होतं. त्याच्या शेठला होती. त्याच्या खानदानात खोकला होता, खरूज होती, पण ॲलर्जीपर्यंत कुणाची मजल गेली नव्हती. "दुसऱ्याला लागते का ही?"

"नाही. अजिबात नाही. गोळ्या देते. बाहेरून आलं की पंजे आणि पोट पाण्याने धुऊन कोरडं करायचं, आणि गवतापासून लांब ठेवायचं. बस."

'बस' असं डॉक्टर म्हणाली होती. पण हेमराज एखाद्या कामाला लागला की त्याला 'बस' ऐकू येत नसे. कापश्याला गवताचा स्पर्श होता कामा नये, एवढं त्याने पक्कं धरलं. सुरतेत कुणाच्या घरात एक वेळ तांदूळ नसतील, पण कटपीस असतातच. रंजनाने जॉर्जेटच्या कटपीसचे चार मोजे शिवले, गुलाबी, वर मोराची नक्षी. पोटाला गवत लागू नये म्हणून त्याच कापडाचा पट्टा शिवला. राहता राहिलं नाक. मागल्या वर्षी प्लेगसाठी शिवलेले मास्क ट्रंकेत होते. हर्षदाने त्यातला एक कापून कापश्याच्या तोंडाला बसवला.

"बाबा, लोक हसतील," हर्षदा म्हणाली.

"लोक कशाला हसतील?" हेमराज म्हणाला, आणि ते खरं ठरलं. लोक हसले नाहीत. सकाळी पिवळा कुत्रा गुलाबी मोजे आणि तोंडाला मास्क घालून नवागामच्या रस्त्यावरून निघाला, तेव्हा दुधाच्या रांगेतली माणसं आधी गप्प झाली, मग एकमेकांकडे बघू लागली, आणि मग रांग मोडून घरी गेली. दुपारपर्यंत बातमी शेजारच्या दिंडोलीत पोचली, की रोग आता कुत्र्यांत आला आहे. संध्याकाळी हेमराज बसमधून उतरला तेव्हा पानवाल्याने त्यालाच बजावलं, "साहेब, त्या साईसदनकडे जाऊ नका. तिथे एक कुत्रा आहे म्हणतात."

घरी पोचला तर ओट्यावर सभा. त्याची समिती त्याच्याशिवायच भरली होती. निंबाभाऊ खाली बघत म्हणाले, "अप्पा, माझं काही नाही. पण घटस्थापना जवळ आली. लोक म्हणतात, गरब्याला बाहेरच्या बाया-पोरी यायच्या नाहीत. तेवढं घटस्थापनेच्या आत कापश्याला कुठंतरी..."

"कुठंतरी म्हणजे?"

"गावाकडे. न्हाईतर शेठकडे परत. नियम तुमचाच आहे, अप्पा. संशयास्पद बाब."

हेमराजचाच शब्द हेमराजच्या अंगावर आला होता. डॉक्टरने सांगितलेलं तो सांगू लागला: फुलोरा, ॲलर्जी, लागत नाही. पण 'ॲलर्जी' हा शब्द लोकांना 'प्लेग'चा धाकटा भाऊ वाटला आणि दोन बायका पोरांना घेऊन उठून गेल्या. तेव्हा दारातून सरलाबाई बाहेर आल्या. कापश्या त्यांच्या कडेवर होता.

"जीव शे तो बी," त्या म्हणाल्या. "त्याले काढशात तर मी बी त्यानासंगे जास. मंग दखा, अधिकमासले वाण कोन्ले देतस ते!"

सोसायटीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईला कुत्र्यासकट बाहेर काढायचं म्हणजे अवघडच होतं. सभा पांगली, पण निर्णय काही पांगला नाही. रात्री हेमराज जेवला नाही. कापश्या त्याच्या पायाशी येऊन बसला, मोजे दातांनी ओढून काढू लागला. हेमराजने ते काढून दिले. त्याला एकदम वाटलं, की हा समजूतदार आहे, आपणच खुळे आहोत.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याची गाडी आली. मिरच्यांच्या दिवशी कुणीतरी फोन केला होता म्हणे. गाडीतून एक तरुण इन्स्पेक्टर उतरला. सगळी सोसायटी गोळा झाली आणि सगळ्यांनी एकजात कापश्याकडे बोट दाखवलं.

इन्स्पेक्टरने कापश्याकडे पाहिलं आणि तो मागे सरला. "हे माझ्याकडे नाही येत. मी माणसं बघतो."

"मग कुत्रे कोण बघतं?"

"भटके असतील तर एक खातं आहे. उंदरांचं वेगळं आहे. घरच्या कुत्र्याचं..." तो विचारात पडला. "घरचा कुत्रा घरचे बघतात. माणसांपैकी कोण आजारी आहे ते सांगा."

 एवढ्यात शिंक आली. सगळ्यांनी कापश्याकडे पाहिलं. कापश्याने ठाकोरभाईंच्या घराकडे पाहिलं. पुन्हा शिंक आली, बंद खिडकीच्या आतून, उशीत तोंड खुपसून दिल्यासारखी.

ठाकोरभाई बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, नाक टोमॅटोसारखं झालं होतं आणि चेहरा असा, की आता आपल्याला गाडीत घालून नेणार हे ते धरूनच चालले होते. "मने पण थाय छे," ते पुटपुटले. "पंधरा दिवस झाले. रात्री उशीत शिंकतो. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर लोक काय म्हणतील?"

खुर्च्या असत्या तर पुन्हा मागे सरकल्या असत्या. पण हेमराज पुढे झाला. गेल्या आठवड्याभरात इतका अपमान गिळला होता, की ज्ञान दाखवायची ही संधी त्याने सोडणं शक्य नव्हतं. त्याने ठाकोरभाईंना ओट्यावर बसवलं आणि डॉक्टर चैतालीच्या सुरात विचारलं, "खाज येते?"

"डोळ्यांना येते."

"पाऊस ओसरल्यावर सुरू झालं?"

"हा."

"मागल्या वर्षी या दिवसांत?"

"मागल्या वर्षी मुलीकडे होतो. नवसारीला. कामानिमित्त."

"दरवर्षी होतं?"

ठाकोरभाई विचार करू लागले. "दोन-तीन वर्षं झाली असतील. इथे राहायला आल्यापासून."

"ताप?" इन्स्पेक्टरने मध्येच विचारलं. ताप नव्हता. त्याने छाती तपासायला ठाकोरभाईंना दवाखान्यात येऊन जायला सांगितलं, आणि मग मान वर करून सोसायटीच्या कडेच्या प्लॉटकडे पाहिलं. मालक आफ्रिकेत, प्लॉट मोकळा. पावसानंतर तिथे कमरेइतकं गाजरगवत माजलं होतं आणि पांढऱ्या बारीक फुलांनी नुसतं फेसाळलं होतं. सगळ्या गल्लीवर वारा यायचा तो त्याच्यावरून. कापश्याला रोज सकाळी हेमराज फिरवायचा तोही तिथेच.

"हे कुणी ठेवलंय?" इन्स्पेक्टरने विचारलं.

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. हेमराजच मागे एका सभेत म्हणाला होता, की सोसायटीला लाभलेली हिरवळ ही अभिमानाची बाब आहे.

ठाकोरभाईंची छाती स्वच्छ निघाली. त्यांना माणसांच्या डॉक्टरने जवळपास कापश्यासारख्याच गोळ्या दिल्या, आणि बाहेरून आल्यावर हातपाय-तोंड धुवायला सांगितलं. ते ऐकून सोसायटीचा कापश्यावरचा संशय फिटला. निंबाभाऊ स्वतः येऊन म्हणाले, "अप्पा, बोललो ते मनात ठेवू नका. माणसाला होतं ते कुत्र्याला व्हायचंच." जणू हा शोध त्यांचाच.

आफ्रिकेतल्या मालकाची वाट बघण्यात अर्थ नव्हता. घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी सोसायटीने श्रमदान काढलं. ठाकोरभाई खिडकी बंद करून काचेआडून हातवारे करत होते, बायका चहा देत होत्या. लोकांनी हाताला पिशव्या बांधल्या, तोंडाला फडकी बांधली. अध्यक्ष मात्र सदऱ्याच्या बाह्या सरसावून उघड्या हातांनी पुढे घुसला. त्याला आठवड्याचा सगळा राग त्या गवतावर काढायचा होता. सगळ्यात मोठा भारा त्याने उपटला, छातीशी कवटाळला आणि विजयी वीरासारखा बाहेर आणला.

गरब्याला त्या वर्षी दिंडोलीपासून बाया-पोरी आल्या. कापश्याचे पंजे बरे झाले, हळद हळूहळू उतरली, पोटावर मऊ केस दिसू लागले. रंजना रोज त्याला पाटावर उभं करून पाय पुसायची आणि तो राजासारखा एकेक पाय पुढे करायचा.

आणि अष्टमीला हेमराज आरशासमोर उभा राहिला तेव्हा त्याला स्वतःचं तोंड ओळखू येईना. हात कोपरापर्यंत लाल, मान सुजलेली, पापण्या भज्यांसारख्या. खाज तर अशी, की दाराच्या चौकटीला पाठ घासावीशी वाटे, आणि त्याने ती घासलीही.

स्टेशनजवळच्या एका मोठ्या डॉक्टरकडे तो एकटाच गेला. डॉक्टरने चष्मा वर करून हात पाहिले, पण त्याची पहिली नजर हेमराजच्या पँटवर गेली. तिथे एक पांढरा पुंजका होता.

"घरात कुत्रं आहे?"

"आहे."

"तेच कारण. कुत्र्याचे केस. कुत्रं काढा, आठ दिवसांत बरं वाटेल."

हेमराजला गाजरगवताबद्दल, भाऱ्याबद्दल, फुलोऱ्याबद्दल पुष्कळ बोलता आलं असतं.  पण त्याने मलमाची चिठ्ठी घेतली, नमस्कार केला आणि निघाला.

तोंडभर गुलाबी मलम लावून तो सोसायटीत शिरला तेव्हा ठाकोरभाईंनी काळजीने "हूं थयू?" म्हणून विचारलं, तर हेमराजने नुसता हात हलवला. रंजना दारातच वाट बघत होती.

"काय म्हणाले डॉक्टर? काय बंद करायला सांगितलं?"

आत सरलाबाईंच्या मांडीवर कापश्या पोट वर करून झोपला होता. त्याचा एक पंजा झोपेतच हलत होता.

"साखर," हेमराज म्हणाला. "चहातली साखर बंद."

घारी-घेवरासारख्या मिठायांच्या गावात राहून, सणासुदीच्या दिवसांत, हेमराजने मुकाट्याने फिका चहा प्यायला. पुरळ पंधरवड्यात गेलं. रंजनाने ते साखर सोडल्याचाच गुण मानला आणि पुढे कित्येक वर्षं त्याच्या कपात साखर पडू दिली नाही. पाहुणे आले की ती कौतुकाने सांगायची, "डॉक्टर मोठे हुशार हो, बरोब्बर ओळखलं." हेमराज कडू तोंडाने मान डोलवायचा आणि टेबलाखाली कापश्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा.